मायनर लीगची अटीतटीची मॅच बघायची कशी

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या बेसबॉलबद्दल दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, इतका वेळ बसून काही घडतच नाही. दुसरी, घडलं तेव्हा आम्ही भलतीकडेच बघत होतो. पहिल्या तक्रारीत आता फारसा दम राहिलेला नाही. २०२२ पासून मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, सगळीकडे पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) मानेवर घड्याळ बसलंय आणि मॅच बहुतेक वेळा अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यावर इलाज आहे: कुठे बघायचं ते घरून ठरवून निघायचं.

मी मूळची क्रिकेटची स्कोअरर. कॉलेजच्या मॅचपासून हातात पेन्सिल आणि वही, त्यामुळे खेळ लिहिल्याशिवाय मला तो दिसतच नाही. त्याच सवयीने मी ब्रिजवॉटरच्या टीडी बँक बॉलपार्कवर समरसेट पेट्रियट्सच्या मॅच बघते. बालाजी मंदिराला जाणाऱ्यांना हा भाग पाठ असेल. गाडी नसेल तर रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला अगदी लागून आहे.

आधी मॅच कोणती निवडायची ते बघू, कारण कुठल्याही दिवशी उठून गेलात तर ११-२ असा निकालही पदरात पडू शकतो.

मेजर लीगचे ३० क्लब आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार संघ. असे १२० संघ मिळून आजची मायनर लीग होते. वरून खाली उतरत गेलं तर ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. समरसेट २०२१ पासून न्यूयॉर्क यांकींचा डबल-ए संघ आहे. खेळाडू कोण, ते कुठे खेळणार, हे सगळं यांकी ठरवतात आणि पगारही तेच देतात. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे लागणार आहे. डबल-एमध्ये मुलं अशी असतात की त्यांना कधी वर बोलावणं येईल सांगता येत नाही. अँथनी वोल्पी २०२२ चा बराचसा मोसम इथे शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर) उभा होता, आणि पुढच्या मार्चमध्ये मोसमाच्या पहिल्याच दिवशी तो यांकी स्टेडियमवर त्याच जागी होता.

डबल-एमधल्या ईस्टर्न लीगच्या नॉर्थईस्ट डिव्हिजनमध्ये समरसेटसोबत पाच संघ आहेत: बिंगहॅम्टन, हार्टफर्ड, न्यू हॅम्पशायर, पोर्टलंड आणि रेडिंग. बिंगहॅम्टन न्यूयॉर्क मेट्सचा, पोर्टलंड बॉस्टन रेड सॉक्सचा, रेडिंग फिलाडेल्फिया फिलीजचा. म्हणजे थोरल्यांची जुनी भांडणं इथे धाकट्यांकडे आपसूक आलीच. पोर्टलंड आलं की स्टँडमध्ये रेड सॉक्सच्या टोप्या दिसायला लागतात आणि आवाजाचा पोत बदलतो. माझं मत विचाराल तर बिंगहॅम्टनच्या मॅच जास्त रंगतात, कारण यांकी आणि मेट्स दोघांचेही चाहते इथे एकाच घरात असतात आणि एकाच रांगेत बसतात.

आता तारीख. मोसम १३८ मॅचचा, पण तो मधोमध चिरलेला आहे. ६९ मॅचचा पहिला भाग संपला की सगळ्यांची पाटी कोरी, मग पुन्हा ६९. डिव्हिजनमध्ये पहिल्या भागाचा विजेता आणि दुसऱ्या भागाचा विजेता प्लेऑफला (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) एकमेकांसमोर येतात. म्हणून जून अर्धा सरला की आणि सप्टेंबर उजाडला की पहिल्या दोन-तीन क्रमांकांवरच्या संघांची गाठ बघायची. एक संघ एका गावात मंगळवार ते रविवार मुक्काम ठोकतो आणि सहा मॅच खेळतो. समजा दोघांत एका मॅचचंच अंतर आहे. सहातल्या तीन-तीन वाटून घेतल्या तर तक्ता जिथल्या तिथे राहतो. एकाने पाच घेतल्या तर चार मॅचचा फरक पडतो. जाण्याआधी हा हिशेब मनाशी करून ठेवा, म्हणजे नऊपैकी आठव्या इनिंगला खेळाडू इतके गप्प का झालेत ते कळेल.

वार म्हणाल तर शुक्रवार किंवा शनिवार. आतषबाजी आणि फुकट टोप्यांसाठी लोक याच दिवशी येतात. माझं कारण वेगळं आहे. शुक्रवारपर्यंत दोन्ही संघांचे रिलीव्हर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणारे, बरेचसे वापरून झालेले असतात. मायनर लीगमध्ये रिलीव्हरला लागोपाठ दोन दिवस सहसा टाकू देत नाहीत. तेव्हा घरून निघण्याआधी लीगच्या ॲपवर आदल्या दोन मॅचचे बॉक्स स्कोअर (आकड्यांचे तक्ते) उघडा आणि कुणी किती पिच, म्हणजे बॉल, टाकल्या ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घ्या. काल ज्याने २५-३० पिच टाकल्यात त्याच्या नावावर काट मारा. उरलेली दोन-तीन नावं म्हणजे आज रात्रीची शेवटची तीन इनिंग. फार कमी प्रेक्षक हे करतात, आणि पाच मिनिटांच्या या कामातून जितकं कळतं तितकं पूर्ण मॅच नुसती बघूनही कळत नाही.

जागा घेताना अगदी खाली, खेळाडूंच्या मानेमागे बसायचा मोह होतो. टाळा. आठ-दहा रांगा वर जा, म्हणजे फील्डर किती पुढे-मागे उभे आहेत ते दिसतं. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसते. उजव्या हाताचा पिचर बेसवर रनर असताना आपल्याकडे तोंड करून उभा राहतो आणि त्याच्या मागे पहिल्या बेसवरचा रनर किती पाय काढतोय ते सरळ नजरेत येतं. बुलपेन, म्हणजे रिलीव्हर हात गरम करतात ती जागा, कुठे आहे तेही बसल्या बसल्या शोधून ठेवा. तिकिटाच्या खर्चाची चिंता नको, मोठ्या स्टेडियमच्या नुसत्या पार्किंगच्या पैशात इथे दोघांचं भागू शकतं.

स्कोअरकार्ड घ्याच. नाही मिळालं तर वहीत नऊ बॅटरच्या नऊ ओळी, नऊ इनिंगचे नऊ उभे रकाने आखा. प्रत्येक जागेला आकडा आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७-८-९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, दोन आऊट, तर ६-४-३. स्ट्राइकआऊटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आऊट झालेल्याला, के, बॅट न फिरवता उभ्या उभ्या गेला तर उलटा के. एवढ्यावर काम चालतं. मी त्यात स्वतःची एक भर घालते: समासात पिचरच्या नावापुढे दर पिचला एक टिंब आणि दहा झाले की आडवी रेघ. क्रिकेटच्या स्कोअररला टिंबं टाकायला शिकवावं लागत नाही.

या टिंबांचा उपयोग पाचव्या इनिंगला कळतो.

समजा आपला पिचर सुरेख टाकतोय, समोरच्यांचा एकही रन नाही, आणि मॅनेजर येऊन त्याच्या हातातून बॉल काढून घेतो. क्रिकेट बघून मोठे झालेले आपण इथे उसळतो. पाच विकेट घेतलेल्याला कोण बसवतं? समासातली टिंबं मोजा. ऐंशी-पंचाऐंशीच्या घरात असतील. ती मर्यादा बहुधा वरून आलेली असते. वरच्या क्लबला तो पोरगा पुढची दहा वर्षं हवाय, आजचा शुक्रवार त्यांच्या दृष्टीने त्याच्या हाताइतका मोलाचा नाही. दुखापतीतून उठलेला एखादा मोठा खेळाडू सरावासाठी खाली आलेला असला तर त्याचंही तसंच. पिचरला असं जास्तीत जास्त ३० दिवस आणि इतरांना २० दिवस खेळता येतं, आणि त्याच्या इनिंग आधीच ठरलेल्या असतात. स्कोअर काहीही असो, तो वेळ झाली की पॅड-ग्लव्हज आवरून निघतो.

म्हणजे मैदानावर एकाच वेळी दोन मॅच चालू असतात. एक फलकावरची. दुसरी वरच्या क्लबच्या खातेवहीतली, जिच्यात कुणाला किती बॅटिंग मिळाली, कुठल्या मुलाने दुसऱ्या बेसवर किती इनिंग काढल्या, कुणी कोणती नवी पिच टाकून बघितली याची नोंद होते. एरवी दुसरी मॅच पहिलीला गिळून टाकते. पण डिव्हिजनमधला शेजारी समोर असेल, तक्ता आवळलेला असेल आणि फरक एका रनचा असेल, तेव्हा दोन्ही एकमेकींना खेचायला लागतात. मॅनेजर उगवत्या ताऱ्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवत नाही, कारण तारा खेळायलाच इथे आलाय. स्टार्टरला जास्त ताणता येत नाही. मग त्याच्या हातात उरतं काय? रिलीव्हर कुठल्या क्रमाने आणायचे, रनरला पळवायचं का, बंट करायची का (बॉल नुसता अलगद टेकवायचा का), फील्डर किती पुढे घ्यायचे. अटीतटीची मॅच या चार गोष्टींवर सुटते, आणि बघायच्या त्याही याच.

एक अर्धी इनिंग सविस्तर सांगते, म्हणजे काय म्हणतेय ते लक्षात येईल. आठवीचा उत्तरार्ध, आम्ही १-२ ने मागे. पाहुण्यांनी जो रिलीव्हर आणला त्याच्या नावापुढे माझ्या कोपऱ्यातल्या यादीत बुधवारचे बावीस पिच होते. पहिला बॅटर दोन स्ट्राइकवर अडकला. पब्लिक निवांत, नवरा प्रेट्झेलच्या रांगेत. बॅटरने मग फाउलवर फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारले, मधूनमधून बाहेरचे सोडले, आणि नवव्या पिचला वॉक मिळवला, म्हणजे चार बाहेरच्या बॉलवर मिळणारा फुकटचा पहिला बेस. हिट नाही, टाळ्याही बेताच्याच. माझ्या समासात मात्र नऊ टिंबं पडली होती.

आता नजर बॅटरवरून काढायची आणि पहिल्या बेसवर न्यायची. पिचरला एका बॅटरच्या वेळात रनरला दटावायला, म्हणजे रबरावरून (पिचर उभा राहतो त्या पट्टीवरून) पाय काढायला किंवा बॉल फेकायला, दोनदाच मुभा आहे. तिसऱ्यांदा फेकला आणि रनर आऊट झाला नाही तर बाल्क, म्हणजे पिचरचा नियमभंग, आणि रनर फुकट दुसऱ्या बेसवर. पाहुण्यांच्या पिचरसाहेबांनी दोन्ही संधी पहिल्या दोन मिनिटांत उडवल्या. रनरने तिसऱ्या वेळी बेसपासून आणखी एक अख्खं पाऊल बाहेर टाकलं. मी फोनवरचं स्टॉपवॉच उघडून ठेवलेलंच होतं. पिचरची पहिली हालचाल सुरू झाल्यापासून बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. १.३ सेकंद म्हणजे चपळ. या गृहस्थांचे १.५ च्या वर जात होते. कॅचरने झेलून दुसऱ्या बेसवर पोचवायला साधारण दोन सेकंद लागतात. बेरीज करा आणि रनर पायांनी चांगला असेल तर तो जाणार हे आधीच ओळखा. तो गेला. स्लाइड, धूळ, अंपायरचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले. सेफ.

पुढच्या बॅटरने दुसऱ्या बेसकडे सरपटता बॉल घातला आणि पहिल्या बेसवर आऊट झाला. कार्डावर ४-३. माझ्या पुढच्या रांगेतून निराशेचा सुस्कारा आला, पण डगआऊटकडे बघा: सगळे उठून त्या आऊट झालेल्याच्या हातावर टाळी देत होते. त्याने मुद्दाम उजवीकडे मारून रनरला तिसऱ्या बेसवर पोचवलं होतं. आता एक आऊट, रनर तिसऱ्यावर. पाहुण्यांच्या मॅनेजरने हात हलवला आणि इनफिल्डचे चौघेही गवताच्या कडेपर्यंत पुढे आले, घरचा रन तोडायला. असे पुढे आले की त्यांच्या बाजूने निसटायला मोकळी जागा होते, म्हणजे हा जुगारच. पुढच्याने सेंटरला मध्यम उंचीचा, फार खोल नाही असा बॉल उडवला. या क्षणी सगळं मैदान बॉलकडे बघतं. तुम्ही रनरच्या टाचेकडे बघा. झेल ग्लव्हमध्ये पडेपर्यंत ती टाच बेसला चिकटलेली हवी, आणि पडल्या क्षणी सुटलेली. थ्रो पहिल्या बेसच्या अंगाला हातभर वाकडा आला. २-२.

कार्डावर काय उमटलं? वॉक, स्टील (चोरलेला बेस), ४-३, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल देऊन काढलेला रन). फलकावर रनच्या शेजारी हिट्सचा आकडा असतो, तो जागचा हललासुद्धा नाही. प्रेट्झेल घेऊन परत आलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

नवव्या इनिंगला बुलपेनमध्ये कोण उठलंय त्याकडे लक्ष ठेवा आणि कोपऱ्यातल्या यादीशी ताडून बघा. काट मारलेला माणूस हात फिरवायला लागला, तर समजायचं की मॅनेजरला ही मॅच खरोखर हवी आहे. अर्थात बहुतेक वेळा तसं होत नाही. येतो तो चौथ्या पसंतीचा, आणि मग थरार आपोआप वाढतो.

बरोबरी राहिली तर दहावी. मायनर लीगमध्ये २०१८ पासून दहाव्या इनिंगपासून दर अर्ध्या इनिंगला दुसऱ्या बेसवर एक रनर आयता उभा करतात, साधारणपणे आधीच्या इनिंगमध्ये शेवटी आऊट झालेला. जुन्या लोकांना हा नियम डोळ्यासमोर नको असतो. मला विचाराल तर नवख्या प्रेक्षकासाठी यापेक्षा चांगलं काही नाही, कारण पहिल्या पिचपासून प्रत्येक हालचालीला किंमत येते. आधी पाहुणे खेळतात आणि त्यांना किती रन पुरतील हे माहीत नसतं, म्हणून ते सहसा मोकळे मारतात. त्यांचा शून्य झाला की यजमानांना एकच रन हवा. तेव्हा पहिला बॅटर बॅट आडवी धरून बंटला वाकतो का बघा, रनर तिसऱ्यावर गेला की नुसता उंच बॉलही पुरतो. समोरचा मॅनेजर मग अंपायरला हातानेच सांगून पुढच्या बॅटरला, कधी त्याच्याही पुढच्याला, फुकट वॉक देतो. बेस भरले की प्रत्येक बेसवर नुसता पाय ठेवून आऊट करता येतं आणि डबल प्लेची (एका बॉलवर दोन आऊटची) सोय होते. पिच न टाकता बॅटर चालत गेला म्हणून बुचकळ्यात पडू नका. शनिवारी डबलहेडर (एकाच दिवशी दोन मॅच) असेल तर लक्षात ठेवा, त्या मॅच सात-सात इनिंगच्या असतात आणि आयता रनर आठवीलाच येतो.

हा नियम का आणला याची कल्पना पॉटकेटला १९८१ मध्ये झालेल्या मॅचवरून येते. पॉटकेट आणि रॉचेस्टर, दोन्ही ट्रिपल-एच्या इंटरनॅशनल लीगमधले संघ. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेली मॅच पहाटे चार वाजून गेल्यावर ३२ इनिंगनंतर २-२ वर थांबवली. गारठा इतका की खेळाडूंनी मोडक्या बॅट जाळून शेक घेतला. स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. उरलेली मॅच २३ जूनला पुढे सुरू केली आणि ३३ व्या इनिंगलाच पॉटकेटने ३-२ ने मिटवली. एका बाजूला वेड बॉग्ज, दुसऱ्या बाजूला कॅल रिपकेन ज्युनियर, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

इनिंगच्या मधे मैदानावर शर्यती, टी-शर्टच्या तोफा, नाचणारे मॅस्कॉट असा धुमाकूळ असतो. रेडिंगला तर हॉट डॉग विकणारा शहामृगाच्या सोंगावर बसून येतो. मुलं यात रमतात, रमू द्या. तुम्ही या दोन मिनिटांत रकाना पुरा करा, टिंबं मोजा आणि बुलपेनवर एक नजर टाका. सातव्या इनिंगच्या मधे सगळे उठून गातात तेव्हा मात्र उभं राहायचं, वही खाली ठेवून. फाउल बॉल जाळी नसलेल्या भागात बसलेल्यांवर वेगाने येतो, त्यामुळे लहान मूल मांडीवर असेल तर तिकीट जाळीमागचंच घ्या. इथे काटकसर नको.

ट्रेनने आला असाल तर शेवटची गाडी आधी बघून ठेवा आणि बाराव्या इनिंगचा संभव धरून चला. आणि दुसऱ्या दिवशीचंही तिकीट काढलं असेल तर निघण्याआधी दोन्ही संघांच्या रिलीव्हरपुढची टिंबं मोजून कोपऱ्यातल्या यादीत उतरवून घ्या. रविवारची मॅच बहुधा दुपारची असते, आणि शनिवारी रात्री दहावीपर्यंत खेळलेल्या संघाकडे तेव्हा पाठवायला फारच थोडे हात शिल्लक असतात.